लहान मुलांमधील स्लीप ॲप्निया

झोपेत घशामागची हवेची वाट वारंवार आवळते किंवा पूर्ण मिटते आणि श्वास अडतो, या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. ‘निद्राश्वासरोध’ असा प्रतिशब्द करता येतो, पण बोलण्यात इंग्रजी नावच रुळले आहे. हा आजार पोट सुटलेल्या मध्यमवयीन पुरुषांचा, असा समज पक्का आहे. मुलांमध्येही तो शंभरांत १ ते ५ जणांना आढळतो, आणि त्याचे प्रमाण २ ते ८ वर्षे या वयात सर्वाधिक असते. भाषा, लक्ष, स्मरण आणि स्वतःला आवर घालण्याची क्षमता घडण्याची वर्षेही हीच. मुलांमधील स्लीप ॲप्नियाचा विचार मोठ्यांच्या आजारापासून वेगळा करावा लागतो तो यामुळे.

श्वास का अडतो

नाकाच्या मागच्या टोकापासून स्वरयंत्रापर्यंतच्या घशाला हाडाचा आधार नसतो. ही मऊ नळी उघडी धरून ठेवण्याचे काम स्नायू करतात. झोप लागली की स्नायू सैल पडतात, आणि स्वप्ने पडतात त्या टप्प्यात ते सर्वांत सैल असतात. निरोगी मुलाला याने काही होत नाही. पण घशाच्या दोन्ही बाजूंचे टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडिनॉइड वाढलेले असतील, तर आधीच अरुंद असलेली वाट मिटायला एवढी ढिलाई पुरते. बालवयात या दोन्ही गाठी घशाच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात. चेहऱ्याची हाडे अजून वाढायची असतात आणि जागा थोडी असते. २ ते ८ या वयोगटात हा विकार जास्त दिसतो त्याचे हे सरळ कारण आहे.

वाट मिटल्यावरही छाती आणि पोट श्वास ओढण्याचा प्रयत्न सोडत नाहीत. पोट वर येते तेव्हा छाती आत खेचली जाते, बरगड्यांच्या मधली व गळ्याखालची कातडी खळग्यासारखी आत जाते. रक्तातला प्राणवायू उतरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो. मेंदू सावध होतो, स्नायू ताठ होतात आणि मोठा आवाज करत श्वास पुन्हा सुरू होतो. मोठ्या माणसाची झोप अशा वेळी बहुधा मोडते. मुलाची तशी सहज मोडत नाही. त्यामुळे पूर्ण बंद न पडता अर्धवट आवळलेल्या घशाने मूल बराच वेळ कष्टाने श्वास घेत राहू शकते, आणि पाहणाऱ्याला ते झोपलेलेच दिसते.

मोजमापेही म्हणून वेगळी आहेत. मोठ्यांमध्ये १० सेकंद श्वास थांबला तर त्याला एक खंड धरतात. मुलांमध्ये दोन श्वासांइतका वेळ पुरे. मुलाचा श्वास जलद चालतो, फुप्फुसांत हवेची शिल्लक कमी असते, आणि थोड्याशा अडथळ्यानेही प्राणवायू झपाट्याने उतरतो. मोठ्या माणसाला तासाला ५ पर्यंत खंड चालतात. मुलाला तासाला १ पेक्षा जास्त खंड पडू लागले की ते असाधारण मानतात. ५ ते १० खंड म्हणजे मध्यम आणि १० च्या वर तीव्र विकार.

टॉन्सिल-ॲडिनॉइडखेरीज लठ्ठपणा, नाकाची जुनाट ॲलर्जी, मागे सरकलेला लहान जबडा, उंच व अरुंद टाळू, स्नायूंचे आजार ही कारणे असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये जीभ तुलनेने मोठी, चेहऱ्याचा मधला भाग लहान आणि स्नायू सैल, अशी तिन्ही कारणे एकत्र येतात. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक मुलांना हा विकार असतो. लक्षण दिसो वा न दिसो, अशा मुलाची झोपतपासणी ४ वर्षे वयाच्या आत करावी अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस आहे.

वाट मोकळी असूनही मेंदूकडून श्वासाची आज्ञाच येत नाही, असा ‘केंद्रीय’ प्रकारही आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये तो नेहमी दिसतो, कॅफिन हे त्यावरचे औषध आहे, आणि मेंदू पक्व होत जातो तसा तो थांबतो. या नोंदीचा विषय मात्र अडथळ्याचा प्रकार.

घोरणे आणि इतर खुणा

घोरणे ही पहिली खूण, आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहते. ‘दमलाय, गाढ झोपलाय’ असे म्हणून घरातले दार ओढून घेतात. घोरणारे प्रत्येक मूल आजारी नसते. सर्दीत नाक चोंदले की कोणीही घोरेल. पण सर्दी नसताना, आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, ऐकू येईल इतके मोठ्याने मूल घोरत असेल, तर डॉक्टरांना सांगायला हवे. मध्येच आवाज थांबणे, क्षणभर शांतता आणि मग हिसका देऊन श्वास सुरू होणे, हे ज्यांनी एकदा ऐकले आहे ते विसरत नाहीत.

बाकीच्या खुणा विखुरलेल्या असतात आणि एकमेकींशी जोडल्या जात नाहीत. तोंड उघडे टाकून झोपणे, मान मागे टाकून किंवा गुडघ्यांवर पालथे झोपणे, डोके घामाने भिजणे, झोपेत दचकून ओरडणे, सकाळी डोके दुखणे. अंथरूण ओले करणे थांबलेले असताना पुन्हा सुरू होणे ही महत्त्वाची खूण आहे. तिच्यासाठी मुलाला रागावले जाते आणि श्वासाचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

दिवसा तर चित्र उलटेच असते. अपुऱ्या झोपेने मोठा माणूस पेंगतो. लहान मूल बहुतेक वेळा पेंगत नाही, ते चेकाळते. एका जागी बसत नाही, क्षणाक्षणाला लक्ष उडते, क्षुल्लक गोष्टीवरून चिडते, मारामाऱ्या करते. शाळा त्याला ‘द्वाड’ म्हणते, काही वेळा त्याला अतिचंचलतेचे (एडीएचडी) निदानही मिळते. झोपेची चौकशी न करता असे निदान करणे ही, या लेखकाच्या मते, टाळता येण्याजोगी आणि मुलाला महाग पडणारी चूक आहे. टॉन्सिल काढण्यासाठी आलेल्या ७८ मुलांच्या एका अमेरिकन अभ्यासात (२००६) २२ जण अतिचंचलतेच्या निकषांत बसत होते. शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने त्यांच्यापैकी निम्मे त्यात बसेनासे झाले. उरलेल्या निम्म्यांचा त्रास कायम राहिला, हेही तितकेच लक्षात ठेवावे लागते. दोन्ही विकार एकाच मुलात असू शकतात.

वाढीवर होणारे परिणाम

शरीराची वाढ आधी पाहू. वाढीचे संप्रेरक मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत स्रवते. त्या झोपेचे तुकडे पडले की स्राव कमी होतो. शिवाय रात्रभर श्वास ओढण्यात शक्ती खर्च होते, आणि मोठ्या टॉन्सिलमुळे घास गिळायला त्रास होऊन मूल कमी जेवते. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ अशी तक्रार असलेल्या काही मुलांचे मूळ दुखणे इथे असते. उपचारानंतर वजन आणि उंची दोन्ही भरभर वाढतात. लठ्ठ मुलात मात्र हेच वाढते वजन पुढे पुन्हा विकार आणू शकते.

तोंडाने श्वास घेण्याची सवय वर्षानुवर्षे राहिली तर चेहराच बदलतो: लांबट तोंडवळा, उघडे ओठ, पुढे आलेले दात, उंच टाळू. या बदलांनी घसा आणखी अरुंद होतो, म्हणजे विकार स्वतःलाच पोसतो. हृदयावरही ताण येतो. रक्तदाब वाढतो, आणि तीव्र विकार दुर्लक्षित राहिल्यास फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढून हृदयाची उजवी बाजू निकामी होऊ लागते. टॉन्सिल काढल्यावर असे हृदय पूर्ववत झाल्याची नोंद १९६५ साली झाली. आता अशी टोकाची अवस्था क्वचित दिसते.

मेंदूवरचा परिणाम हा या विषयाचा गाभा. प्राणवायूचे वारंवार चढउतार आणि तुटक झोप यांचा मारा विशेषतः मेंदूच्या कपाळामागच्या भागावर होतो, असे मानले जाते. हा भाग बेत आखणे, मोह आवरणे, एका कामावरून दुसऱ्यावर वळणे ही कामे सांभाळतो. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा दुसरा नाजूक भाग. तीव्र विकार असलेल्या मुलांच्या २००६ मधील एका पाहणीत या दोन्ही ठिकाणी चेतापेशींच्या रसायनांत फरक सापडला, आणि त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ८५ भरला. विकार नसलेल्या तुलनेच्या मुलांचा १०१. पाहणी लहान होती, पण फरक लहान नव्हता.

ब्रिटनमधील ११,००० हून अधिक मुलांचा मागोवा घेणारा मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. घोरणे, तोंडाने श्वास घेणे आणि श्वास थांबणे ही लक्षणे बाळपणी असलेल्या मुलांत ७ व्या वर्षी वर्तनाच्या अडचणी ४० ते १०० टक्के जास्त आढळल्या. लक्षणे फार लवकर सुरू होऊन पुढे मावळली, तरी काही मुलांत हा परिणाम मागे राहिला होता.

जुने निरीक्षण, नवे मोजमाप

कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये ॲडिनॉइडचे वर्णन केले आणि ते काढण्याची पद्धतही सांगितली. लंडनच्या विल्यम हिल यांनी १८८९ मध्ये नाक-घशातील अडथळा आणि मुलांचे अभ्यासात मागे पडणे यांचा संबंध मांडला. १८९२ मध्ये नामवंत वैद्य विल्यम ऑस्लर यांनी टॉन्सिल वाढलेल्या मुलाची रात्र वर्णिली: मोठ्याने घोरणे, लांबलेले विराम, मग खोल आवाजी श्वास, आणि दिवसा मंद चेहरा व उशिरा येणारी उत्तरे. आज नेमके हेच मोजले जाते. तरी त्यानंतर हा धागा जवळजवळ हरवला. विसाव्या शतकात टॉन्सिल लाखोंनी काढले गेले, पण घसा वारंवार सुजतो, ताप येतो म्हणून. झोपेकडे पाहून नव्हे. प्रतिजैविके आल्यावर ही शस्त्रक्रिया खूप कमी झाली. स्टॅनफर्डचे ख्रिश्चन गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ८ मुलांच्या झोपेच्या नोंदींसह विकार मांडला, तेव्हा तो वैद्यकाच्या नजरेत पुन्हा आला.

निदान

घसा तपासून विकार ओळखता येत नाही. मोठे टॉन्सिल असलेले मूल निवांत झोपते आणि मध्यम टॉन्सिलवाले गुदमरते, असे घडते. खात्रीची तपासणी म्हणजे रात्रभराची झोपनोंद: मेंदूच्या लहरी, नाकातून जाणारी हवा, छाती-पोटाची हालचाल, प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड आणि हृदयाचे ठोके एकत्र टिपले जातात. ही सोय नसेल तिथे बोटाला लावलेल्या यंत्राने रात्रभर प्राणवायू मोजतात. त्यात विकार दिसला तर तो बहुधा खरा असतो. दिसला नाही म्हणून नाही असे मात्र म्हणता येत नाही.

मोबाइलवर घेतलेले चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडते. ते पहाटे घ्यावे. मुलांत श्वास अडण्याचे प्रसंग स्वप्नांच्या झोपेत जास्त येतात आणि ती झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. रात्री दहाला डोकावून ‘नीट झोपलंय’ म्हणणारे पालक खोटे बोलत नसतात. ते चुकीच्या वेळी पाहत असतात.

उपचार आणि त्यांची मर्यादा

टॉन्सिल व ॲडिनॉइड काढणे हा पहिला उपचार. तो कितपत फळतो, याचे चांगले उत्तर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीने दिले. ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली आणि बाकीच्यांवर फक्त लक्ष ठेवले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपनोंद सामान्य झाली. नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. वर्तन, लक्षणे, दैनंदिन सुख यांत स्पष्ट सुधारणा झाली. पण लक्ष व नियोजन मोजणाऱ्या मुख्य चाचणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. याचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात: या मुलांचे मूळ गुण सरासरीएवढेच होते, आणि अतितीव्र विकार असलेली मुले चाचणीत घेतलेली नव्हती. सौम्य विकाराच्या मुलांवरील २०२३ च्या चाचणीतही असेच दिसले: वर्तन आणि रक्तदाब सुधारला, चाचण्यांतले गुण तेवढेच राहिले.

याच्या शेजारी १९९८ चे निरीक्षण ठेवावे लागते. बालनिद्रेचे संशोधक डेव्हिड गोझाल यांनी पहिलीच्या वर्गात तळाला असलेली २९७ मुले तपासली. त्यांपैकी ५४ जणांच्या श्वासात रात्री बिघाड आढळला. २४ जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढच्या वर्षी त्यांचे गुण वाढले. उपचार न घेतलेल्यांचे वाढले नाहीत. इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नसल्याने हा पुरावा दुबळा ठरतो. तरीही दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. सरासरी मुलाचे गुण शस्त्रक्रियेने वर जातील असे आश्वासन देता येत नाही. मागे पडलेल्या मुलाच्या श्वासाची चौकशी मात्र करायलाच हवी. सौम्य विकारात काही महिने वाट पाहणे हा प्रामाणिक पर्याय आहे, कारण निम्म्याजवळ मुले वयानुसार सुधारतात.

शस्त्रक्रियेत धोके आहेत. रक्तस्राव होऊ शकतो, आणि ३ वर्षांखालील किंवा तीव्र विकाराच्या मुलाला त्यानंतरची पहिली रात्र रुग्णालयात देखरेखीखाली काढावी लागते. कोडीन हे वेदनाशामक अशा मुलांना देऊ नये: काहींच्या शरीरात त्याचे अतिवेगाने मॉर्फिन होते आणि श्वास मंदावतो. मृत्यूंच्या नोंदी आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला.

शस्त्रक्रिया पुरली नाही, किंवा करता येत नसेल, तर मुखवट्यातून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र वापरतात. हे तंत्र कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये सिडनीत मांडले. मुलाला मुखवट्याची सवय लावणे हे घरच्यांचे मोठे काम असते: आधी दिवसा खेळताना, मग यंत्र बंद ठेवून, मग हवा सुरू करून. चेहरा वाढत असल्याने मुखवट्याचे माप आणि हवेचा दाब वेळोवेळी तपासावा लागतो. सौम्य विकारात नाकातील स्टेरॉइडचे फवारे किंवा माँटेलुकास्ट हे ॲलर्जी-दम्याचे औषध यांनी काही मुलांना आराम पडतो; माँटेलुकास्टने वागणुकीत व मनःस्थितीत बिघाड होऊ शकतो, त्यावर नजर हवी. अरुंद टाळू रुंद करणारे दातांचे उपकरण आणि लठ्ठ मुलात वजन कमी करणे यांचाही उपयोग होतो.

शस्त्रक्रियेनंतर घोरणे थांबले तरी लठ्ठ, डाउन सिंड्रोम असलेल्या किंवा तीव्र विकार असलेल्या मुलाची झोपनोंद पुन्हा करतात. अशा मुलांत काही अडथळा शिल्लक राहण्याची शक्यता बरीच असते, आणि तो आवाज न करताही टिकून राहू शकतो.