भूमिगत रेल्वे : ऊर्जाबचतीची रचना

गाडी चालवण्यास व स्थानके थंड राखण्यास कमीत कमी वीज लागावी, या दृष्टीने भूमिगत लोहमार्गाची केलेली आखणी.

यातील जुनी आणि अतिशय सुंदर युक्ती म्हणजे स्थानक उंचवट्यावर ठेवणे. सेंट्रल लंडन रेल्वेवर (१९००) स्थानकाकडे येताना ६० मीटरला १ मीटर चढ, तर निघताना ३० मीटरला १ मीटर उतार ठेवला होता. चढावर वेग आपसूक मंदावतो, ब्रेक कमी लागतात. चढण्यात खर्ची पडलेली ऊर्जा निघताना उतारावर परत मिळते. घर्षण सोडल्यास, ३ मीटर उतरलेली गाडी मोटर न चालवताही ताशी सुमारे २८ किमी. वेग घेते.

या कल्पनेचे श्रेय बहुधा या मार्गाचे एक अभियंते जेम्स ग्रेटहेड यांना दिले जाते. मात्र ते १८९६ मध्येच वारले आणि मार्गाच्या आखणीत जॉन फाउलर व बेंजामिन बेकर हेही होते. काही जण ती रिचर्ड बॅडनॉल यांच्या ‘लहरी लोहमार्गा’पर्यंत (लाटांसारखा सतत चढउतार असलेला मार्ग; १८३३ च्या सुमारास) मागे नेतात. तिथे चढउताराचा संबंध स्थानकातील थांब्याशी नव्हता, म्हणून ते मूळ मानणे ओढूनताणून वाटते. श्रेय तिघा अभियंत्यांना एकत्रित देणे अधिक सयुक्तिक.

वाया गेलेली ऊर्जा उष्णता होऊन बोगद्यातच राहते. लंडनची चिकणमाती आरंभी सुमारे १४° से. होती; पुढे काही ठिकाणी ती २० अंशांपलीकडे गेली. गाडी दिसण्याआधी फलाटावर जो ऊबदार झोत अंगावर येतो, तो गाडीने दट्ट्यासारखी पुढे ढकललेली हवा. लंडनच्या इझलिंग्टन भागात, १९२२ पासून बंद असलेल्या सिटी रोड स्थानकातून ही उष्णता खेचून २०२० पासून घरे तापवली जातात.

पुनर्जनक ब्रेकमुळे (गाडी थांबवताना तिच्या गतीतून वीज बनवून परत देणारे ब्रेक) उंचवट्याची गरज उरली नाही, असे म्हटले जाते. पण परत केलेली वीज वापरायला त्याच वेळी जवळ दुसरी गाडी लागते किंवा ती साठवण्याची, ग्रिडला परत देण्याची सोय. उंचवट्याला यातले काहीच लागत नाही. दिल्ली मेट्रोच्या पुनर्जनक ब्रेकची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत (कार्बन उत्सर्जन घटवणाऱ्या प्रकल्पांना श्रेय देणारी व्यवस्था) २००७ मध्ये झाली.

मुंबई मेट्रो ३ (३३.५ किमी.; २७ पैकी २६ स्थानके भूमिगत) २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्या भूमिगत फलाटांवरील छतापर्यंतच्या सरकत्या दारांमुळे स्थानकातील गारवा बोगद्यात निसटत नाही.