उशाकडच्या भिंतीवरचे लग्न

भाचीच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेले होते. जेवणे आटोपल्यावर ती घर दाखवायला निघाली. स्वयंपाकघर, गॅलरी, मग बेडरूम. डबलबेडच्या डोक्याशी, हेडबोर्डच्या वर एक मोठी फ्रेम लावलेली होती. लाल-काळ्या रेषांत गोल गोल कमळपाने, त्यांच्या मधोमध सरळ वर चढलेला बांबू, भोवती मासे, कासव आणि चोचीला चोच लावलेली पोपटांची जोडी. “ऑनलाइन मिळालं, मावशी. बेडशीटला मॅच होत होतं म्हणून घेतलं,” ती म्हणाली. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले. बेडशीटचा रंग बघून घेतलेले ते चित्र नेमके जिथे लागायला हवे तिथेच येऊन लागले होते आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या चित्राला कोहबर म्हणतात. बिहारच्या मिथिला भागात, म्हणजे दरभंगा-मधुबनीच्या परिसरात आणि नेपाळच्या तराईत, लग्न मुलीच्या घरी लागते आणि लग्नानंतरचे पहिले दिवस जावई तिथेच राहतो. त्या घरातली एक खोली नवरा-नवरीसाठी राखून ठेवतात. ते कोहबर घर. लग्नाच्या आधी घरातल्या आणि शेजारच्या बायका त्या खोलीची भिंत सारवून घेतात आणि तिच्यावर हे चित्र काढतात. बांबूच्या काडीच्या टोकाला कापूस किंवा चिंधी गुंडाळली की झाला कुंचला. कुटुंबातली जाणती बाई मुख्य रेघ ओढते, बाकीच्या भरत जातात, आणि गाणी चालू असतात. चौथ्या दिवशी चतुर्थीचा विधी होतो. तोवर नवरा-नवरी संयमाने राहतात, आणि त्यांचे उठणे-बसणे, झोपणे या भिंतीच्या साक्षीने चालते.

चित्रातली प्रत्येक वस्तू त्या दोघांसाठी मागितलेली आहे. मासे आणि कासव सुबत्तेसाठी, पोपट प्रेमासाठी, सूर्य-चंद्र साक्षीला. कमळाच्या वेलाला तिकडे पुरइन म्हणतात. एका मुळातून पाने फुटत जावीत आणि सगळे तळे भरून जावे, असा तो वेल. बांबूचेही तसेच. एक रोवला की त्याचे बेट होते. बाँस आणि वंश हे शब्दही एकाच मुळाचे. पुढे इंग्रज अभ्यासकांनी कमळ म्हणजे स्त्री आणि बांबू म्हणजे पुरुष असा थेट अर्थ लावला, आणि तोच बहुतेक ठिकाणी छापून येतो. मला मात्र भिंत लिहिणाऱ्या बायकांचे म्हणणे जास्त पटते: हा वाढत्या घराचा नकाशा आहे. शरीराचा अर्थ त्यात आहेच, पण तो तिथे संपत नाही.

खोलीच्या चारही कोपऱ्यांत आणखी एक आकृती काढतात. नैना जोगिन. डोक्यावर पदर ओढलेली, एकच मोठा डोळा उघडा ठेवून बघणारी बाई. नव्या जोडप्यावर कुणाची वाईट नजर पडू नये म्हणून ती चार बाजूंनी पहारा करते. भाचीच्या फ्रेममध्ये ती नव्हती. असणार तरी कशी? तिची जागा खोलीच्या कोपऱ्यात, आणि खोलीचे कोपरे फ्रेममध्ये मावत नाहीत.

झोपायच्या खोलीच्या भिंतीचा असा विचार आपल्याकडे फार जुना आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकाच्या, म्हणजे शहरातल्या रसिक गृहस्थाच्या, शयनगृहाचे वर्णन केले आहे. त्यात पलंगाच्या उशाशी देवासाठी जागा आहे, जवळ वेदिका आहे, आणि नागदंतावर, म्हणजे आपण खुंटी म्हणतो तिच्यावर, वीणा टांगलेली आहे. चित्रे काढायची फळी, कुंचल्यांची पेटी, एखादे पुस्तक आणि कोरांटीच्या माळा या वस्तूही तिथे सांगितल्या आहेत. सातव्या शतकातल्या बाणभट्टाने हर्षचरितात हर्षाच्या बहिणीचे, राज्यश्रीचे, लग्न रंगवले आहे. तिच्या वासगृहाच्या, म्हणजे नवरा-नवरीच्या शेजघराच्या, दाराच्या दोन्ही बाजूंना रती आणि प्रीती या देवता चितारल्या होत्या, असे तो लिहितो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात तर नियमच घातला आहे: राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत या तीन रसांचीच चित्रे काढावीत. युद्धाची, स्मशानाची, भयाची चित्रे घरात नकोत. रात्री डोळे मिटताना आणि सकाळी उघडताना माणसाला काय दिसावे, याची ही काळजी आहे.

मिथिलेची भिंत मात्र बराच काळ घराबाहेरच्या कुणी पाहिलीच नव्हती. परक्या पुरुषाला कोहबर घरात जायला मिळत नसे. ती उघडी पडली भूकंपाने. 15 जानेवारी 1934 रोजी दुपारी बिहार-नेपाळ हादरले. दहा हजारांहून जास्त माणसे गेली. मधुबनीत डब्ल्यू. जी. आर्चर नावाचा तरुण इंग्रज अधिकारी नेमणुकीवर होता. नुकसानीची पाहणी करत गावोगाव फिरताना बाहेरच्या भिंती कोसळून आतल्या खोल्या उघड्या पडलेल्या त्याला दिसल्या, आणि त्या आतल्या भिंतींवर ही चित्रे होती. त्याला क्ले आणि मिरो या युरोपीय चित्रकारांची आठवण झाली. पुढे त्याने या भिंतींचे फोटो काढले, आणि 1949 मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ मासिकात मैथिल चित्रांवर लेख लिहिला. एखाद्याचे घर पडल्यावर त्याच्या शेजघराची भिंत जगाला दिसावी, हे मला वाचताना दर वेळी टोचते. पण तो लेख झाला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

पुढचे घडवण्यात एका मराठी माणसाचा हात आहे, आणि आपल्याकडे त्याचे नाव फार कमी जणांना माहीत आहे. भास्कर कुलकर्णी. मुंबईच्या विणकर सेवा केंद्रातले चित्रकार. 1966 च्या सुमारास बिहारात भीषण दुष्काळ पडला. शेतात काही पिकेना, हाताला काम उरले नाही. तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांना सुचले की या बायकांनी भिंतीवरचे कागदावर उतरवले, तर ते विकून घरात चार पैसे येतील. ते समजावून सांगायला त्यांनी कुलकर्णींना धाडले. हातकागद घेऊन ते जितवारपूर, रांटी अशा गावांत फिरले, राहिले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. कागद या बायकांना अगदीच परका होता असे नाही. वराकडून येणारे सिंदूर ज्या कागदात गुंडाळत, त्यावर कोहबर काढायची चाल होती, आणि पुढच्या लग्नाला नमुना हवा म्हणूनही आकृत्या कागदावर उतरवून ठेवत. पण लेकीच्या लग्नाचे चित्र अनोळखी माणसाला विकायचे? त्याच्या घरी कुणाचे लग्न आहे, तेही ठाऊक नसताना? सुरुवातीला थोड्याच जणी तयार झाल्या. त्यांच्यात जगदंबा देवी होत्या, सीता देवी होत्या. जगदंबा देवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना 1981 मध्ये, गंगा देवींना 1984 मध्ये.

मला यात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती नावांची. भिंतीवर कुणीच सही करत नव्हते. पाच-सहा जणींनी मिळून लिहिलेली भिंत कुणा एकीची नसे. वर्षा-दोन वर्षांत ती पुसट व्हायची आणि पुढच्या लग्नाच्या वेळी सारवणाखाली जायची. कागदावर आल्यावर पहिल्यांदा विचारले गेले, हे कुणी काढले? आणि देवनागरीत, मोठ्या कष्टाने गिरवलेल्या अक्षरांत, खालच्या कोपऱ्यात बायकांची नावे दिसू लागली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी आपल्याकडच्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पोचले. वारल्यांच्या घरातही लग्नाची भिंत असतेच. तिला लग्नचौक म्हणतात. वारल्याच्या झोपडीत झोपायची वेगळी खोली नाही, पलंग तर नाहीच. चौक लिहितात तो घरातल्या आतल्या, अंधाऱ्या भिंतीवर. शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि टोक चावून मऊ केलेली काडी, एवढेच साहित्य. लिहिणाऱ्या सवासिणी, म्हणजे ज्यांचे नवरे हयात आहेत अशा बायका. नक्षीच्या पट्ट्यांचा चौकोन आखायचा आणि त्याच्या आत पालघट देवी, झाडाझुडपांची आणि सुफलतेची आई. भोवती फणी, शिडी, चंद्र, सूर्य. शेजारच्या लहान देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. ती म्हणते म्हणून लग्न लागते; पुरोहित म्हणून पुरुष लागत नाही.

वारली बायका ‘चौक लिहितात’. मिथिलेतल्या बायकाही ‘लिखिया’ करतात. कोहबर त्या काढत नाहीत, लिहितात. हजारभर मैलांच्या अंतरावरच्या दोन समाजांनी लग्नाच्या भिंतीसाठी एकच क्रियापद वापरावे, याचे मला फार अप्रूप वाटते. ज्या बायकांच्या हाती पाटी-पेन्सिल कधी कुणी दिली नाही, त्या आपल्या कामाला लिहिणे म्हणत होत्या.

डहाणूजवळच्या गंजाडला कुलकर्णींना जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे जन्मले 1934 मध्ये, मिथिलेच्या भूकंपाच्याच वर्षी. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणे थांबले होते, आणि ते मातीत चित्रे काढत राहिले. लग्नचौक हे सवासिणींचे काम. हा पुरुष मात्र लग्न नसतानाही, विधी नसतानाही, रोज चित्रे काढत होता. त्यांच्यामुळे चौकातले चित्र लग्नाबाहेर आले. मासेमारीचे जाळे, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच, मुंग्यांचे वारूळ, शेतातली लावणी, सगळे चित्रात आले. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री, आणि 15 मे 2018 रोजी ते गेले. आज हॉटेलच्या लॉबीपासून कुशन कव्हरपर्यंत जे वारली दिसते, त्यातला तारप्याचा फेर त्यांच्याच वाटेने आलेला आहे. पालघट देवी मात्र त्यात सहसा दिसत नाही.

आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत उशाकडची भिंत सजवणे उशिराच आले. वाड्यात काय, चाळीत काय, अंथरुणे रात्री पसरायची आणि सकाळी वळकटी करून ठेवायची. त्या भिंतीला खुंट्या असत, कोनाडा असे. 1894 मध्ये रवि वर्म्यांचा छापखाना गिरगावात सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी गेल्या, पण त्या लावताना झोपणाऱ्याचे पाय त्यांच्याकडे होणार नाहीत एवढे बघितले जाई. बेडरूम नावाची खोली बहुतेकांना फ्लॅटबरोबर मिळाली. मग त्या भिंतीवर लग्नाचा मोठा केलेला फोटो आला. आणि घरात कुणाला दिवस गेले की बाळसेदार, हसऱ्या बाळाचे पोस्टर. माझ्या आईने थोरल्या बहिणीच्या वेळी ते स्वतः बाजारातून गुंडाळी करून आणले होते आणि स्टुलावर चढून चार बाजूंनी सेलोटेप लावून चिकटवले होते. “उठल्याबरोबर याचं तोंड दिसलं पाहिजे,” म्हणाली. सुंदर नव्हते ते पोस्टर. पण पुरइनच्या वेलात जे मागितले जाते तेच आईने मागितले होते, आणि तिला ते मिथिलेच्या कुणी शिकवले नव्हते.

गंगा देवींनी अखेरच्या वर्षांत, कर्करोगाशी झगडत असताना, दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात एक अख्खे कोहबर घर रंगवले. कागदामुळे नाव मिळालेली ही बाई शेवटी पुन्हा भिंतीकडे आली, आणि या वेळी ती भिंत तिच्या नावाने ओळखली गेली. 1991 मध्ये त्या गेल्या. 2015 च्या सुमारास, संग्रहालयाच्या नूतनीकरणात, ती भिंत नष्ट झाली. गावातली कोहबरची भिंत पुसली जाते ती पुढच्या लग्नासाठी. ही कशासाठी गेली, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

हे सगळे भाचीला त्या दुपारी सांगितले. ती पलंगावर मांडी घालून ऐकत होती. मग उठली, गादीवर उभी राहिली आणि फ्रेम खिळ्यावरून काढून उलटी केली. मागे पुठ्ठ्यावर बारकोडची पट्टी होती आणि माप होते, 24 बाय 36 इंच. “नाव नाहीये गं मावशी,” ती म्हणाली, आणि फ्रेम हातात धरून तशीच उभी राहिली.