खाणीतली हवा: आधी भट्टी, मग पंखा

खोल कोळसा खाणीच्या तोंडाशी भलामोठा पंखा घरघरत असतो, तो हवा आत ढकलतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण बहुतेक ठिकाणी उलटं असतं. तो आतली खराब हवा ओढून बाहेर टाकतो, मग दुसऱ्या शाफ्टने (म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीने) ताजी हवा आपोआप आत येते.

पंखे यायच्या आधी इंग्लंडमध्ये हेच काम चक्क आगीने व्हायचं. खाणीच्या तळाशी भट्टी पेटवायची, गरम हवा शाफ्टमधून वर चढणार, धुराडंच ते! आणि हे मिथेन सुटणाऱ्या खाणीत, जिथे हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की एक ठिणगी बास.

१८१२ला इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत स्फोटात ९२ जण गेले, १८१५ला डेव्हीचा दिवा आला, ज्योतीभोवती जाळी असलेला, म्हणजे बाहेरचा वायू पेटू नये, पण दिव्याने थोडीच हवा येते? ती वळवायला बोगद्यात लाकडी दारं असायची आणि प्रत्येक दारापाशी अंधारात दोरी धरून बसलेलं एक पोर, काही तर पाच-सहा वर्षांची, गाडा आला की दार ओढायचं, गेला की सोडायचं, दिवसाचे बारा-बारा तास. डुलकी लागून दार उघडं राहिलं की पुढच्यांची हवा तुटली. १८४२च्या कायद्याने दहा वर्षांखालची पोरं खाली उतरवणं बंद झालं (कागदावर तरी).

मग इंग्लंडमधलीच हार्टलीची खाण, जानेवारी १८६२. शाफ्ट एकच, मधे फळ्यांची भिंत, एका बाजूने हवा खाली, दुसरीने वर. दुसरा शाफ्ट खणायचा खर्च वाचला ना! पाणी उपसायच्या इंजिनाची बिडाची अजस्त्र तुळई मोडून आत पडली, फळ्यांसकट शाफ्ट बुजला आणि २०४ माणसं मेली, बहुतेक विषारी वायूने. त्याच वर्षी खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटांची सक्ती झाली.

साधारण त्याच काळात बेल्जियमच्या गिबाल या इंजिनिअरचा वाफेवरचा पंखा पसरला. त्याने पात्यांना कवच घातलं आणि वर रुंद होत जाणारं धुराडं दिलं, त्यामुळे ओढ वाढली. भट्ट्या हळूहळू विझल्या.

१९११च्या ब्रिटिश कायद्याने पंख्याची हवा उलटी फिरवता यायलाच हवी असं ठरवलं, म्हणजे आग लागली तर धूर माणसांकडे जाऊ नये. वेल्सच्या सेंघेनिडला ऑक्टोबर १९१३मध्ये स्फोट झाला तेव्हा ती सोय पूर्ण झालेलीच नव्हती. ४३९ खाणकामगार गेले.

आज भारतातल्या अंडरग्राउंड खाणींनाही, म्हणजे आपल्या चंद्रपूरकडच्यासुद्धा, हवेत किमान १९ टक्के ऑक्सिजन लागतो. दारं अजून आहेत, फक्त एकामागे एक जोडीने, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.