सोन्याची आगगाडी आणि रडारवरची कमान

गुप्तधनाच्या बातमीत हल्ली 'रडारवर दिसलं' हे वाक्य हमखास असतं. मला ते खटकतं. रडारवर वस्तू दिसत नाही, तिचा प्रतिध्वनी दिसतो.

ऑगस्ट २०१५ मध्ये पोलंडच्या वाउब्झिख शहराजवळ दोघांनी दावा केला, की महायुद्धाच्या अखेरीस नाझींनी डोंगरात लपवलेली सोन्याची आगगाडी सापडली. तिथल्या सांस्कृतिक उपमंत्र्यांनी तर ९९ टक्के खात्री दिली. आधार होता भूवेधी रडारच्या चित्राचा.

हे यंत्र मोठं लोभस आहे. अँटेना जमिनीवरून ओढत न्यायची. ती रेडिओलहरींचे झटके खाली सोडते आणि परत येणारे टिपते. लहरीचा वेग म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले परावैद्युतांकाचं वर्गमूळ; पदार्थ लहरीला किती मंदावतो, ते हा अंक सांगतो. खडकाचा हा अंक ९ धरला, तर वेग नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर. ओल्या चिकणमातीचा २५ धरला, तर ६. आता खडकात ८ मीटर खोल एक वस्तू आहे समजा. अँटेना बरोबर तिच्या डोक्यावर असेल तर लहर जाऊन प्रतिध्वनी परत यायला १६० नॅनोसेकंद लागतात. अँटेना ६ मीटर बाजूला असली तरी तिरकी लहर तिच्यावर आपटतेच. पायथागोरस लावा, अंतर १० मीटर, वेळ २०० नॅनोसेकंद. दिशा यंत्राला कळत नाही, म्हणून ते हा प्रतिध्वनीही अँटेनाच्या सरळ खाली, १० मीटरवर मांडतं. असे बिंदू जोडले की कमान तयार होते. गणितात तिला अपास्त म्हणतात. डब्याच्या छतासारखी वाटणारी ही गोलाई भूमितीतून येते. साधा धोंडाही तशीच कमान काढतो.

लोखंड ओळखायला चुंबकमापक हवा. डिसेंबरमध्ये क्राकोच्या शास्त्रज्ञांनी चुंबकीय मापनं करून सांगितलं, की गाडी नाही. तरीही ऑगस्ट २०१६ मध्ये खोदकाम झालं. ना गाडी निघाली, ना रूळ.

आपल्याकडे गुप्तधनासाठी पायाळू माणूस शोधतात, मांत्रिक बोलावतात, बळीपर्यंत मजल जाते. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा अशा प्रकारांसाठीही करावा लागला. यंत्राच्या चित्रावर आंधळा विश्वास ठेवणं मला त्याच वाटेवरचं वाटतं.

नाझींचं सोनं खरोखर सापडलं ते एप्रिल १९४५ मध्ये, जर्मनीतल्या मेर्कर्सच्या मिठाच्या खाणीत. सोन्याच्या आठ हजारांवर विटा आणि बर्लिनच्या संग्रहालयांतली चित्रं, सहाशे मीटरहून खोल. तिथवर कुठलंच भूवेधी रडार पोचत नाही. अमेरिकी सैनिकांना खाणीची गोष्ट सांगितली ती वाटेत भेटलेल्या दोन फ्रेंच स्त्रियांनी.