छापील पत्र्याचा डबा

कथिलाचा मुलामा दिलेल्या पातळ पोलादी पत्र्यावर आधी रंगीत छपाई करून नंतर घडवलेला डबा. चहा, बिस्किटे, मिठाई, सुकामेवा यांसाठी तो वापरतात. ठाण्याची वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतील रबाळे, महापे, तुर्भे हा औद्योगिक पट्टा आणि वाशी-तुर्भे बाजार समितीतील मसाला व सुकामेव्याची बाजारपेठ जवळजवळ असल्याने माल करणारा व घेणारा इथे शेजारीच असतात.

पत्रा. जाडी साधारण ०.२० ते ०.२८ मिमी. कथील तेच, ज्याने तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात. फक्त इथे ते विजेच्या साहाय्याने चढवतात. दर बाजूला चौरस मीटरमागे २.८ ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण, म्हणजे जेमतेम ०.४ मायक्रॉनचा थर. कापलेल्या कडेवर तोही नसतो, उघडे पोलाद असते. दिवाळीच्या डब्यांची छपाई पावसाळ्यात येते आणि खाडीकाठच्या दमट हवेत सोडून ठेवलेल्या गठ्ठ्याला गंज धरतो तो या कडांपासूनच.

छपाई. पत्रा शाई शोषत नाही, म्हणून कागदाची रीत इथे चालत नाही. चित्र आधी मधल्या रुळावर घेऊन मग पत्र्यावर उतरवण्याच्या पद्धतीचे पेटंट रॉबर्ट बार्कले यांनी इंग्लंडमध्ये १८७५ मध्ये घेतले. हीच रीत वापरणारी कागदाची ऑफसेट छपाई त्यानंतर आली. आधी रोलरने पांढरा थर देतात, कारण पत्र्याच्या करड्या चकाकीवर रंग मळकट दिसतात. सोनेरी झळाळी हवी तिथे मात्र पांढरा गाळून पारदर्शक पिवळा देतात. थर भट्टीत साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअसला दहा-बारा मिनिटे भाजतात. मग रंग आणि शेवटी वॉर्निश. भट्टी जास्त तापली तर पांढरा पिवळट पडतो आणि वाकवताना वॉर्निश तडकते. कमी तापली तर थप्पीतले पत्रे एकमेकांना चिकटतात.

चित्र आखतानाच पुढच्या घडणीचा हिशेब करावा लागतो. खोल ओढलेल्या झाकणाच्या कडेला पत्रा ताणतो, म्हणून तिथली अक्षरे मुद्दाम बिघडवून छापतात. दाबल्यावर ती सरळ होतात. छपाईयंत्राने पत्र्याच्या ज्या दोन कडा धरल्या, त्याच कडा कटिंगलाही धरायच्या. इथे चूक झाली की उठावाचा ठसा गणपतीच्या सोंडेऐवजी शेजारच्या मोकळ्या जागेवर बसतो.

घडण. अंगाच्या पट्टीच्या दोन टोकांना उलट दिशांनी आकडे वाकवून ते एकमेकांत अडकवतात व ठोकून सपाट करतात. आकड्यांच्या जागी पत्र्याचे चार पदर होतात. ते तळापर्यंत नेले तर तिथली शिवण फुगते. म्हणून टोकाचे कोपरे आधीच छाटून तेवढ्या भागात दोनच पदर ठेवतात. वरची कड गोल वळवतात, नाहीतर हात कापतो.

तळ बसवणे. अंगाची खालची कड बाहेर वाकवून त्यावर कड वळवलेला तळ ठेवतात. शिवण घालणाऱ्या यंत्राचे पहिले रूळ तळाची कड अंगाच्या कडेखाली सरकवते, दुसरे ती दाबून घट्ट करते. शिवणीत पाच पदर येतात: तीन तळाचे, दोन अंगाचे. ०.२२ मिमी पत्र्याचे पदरच १.१० मिमी होतात, म्हणून शिवणीची जाडी १.२ मिमीच्या आसपास मिळावी. दुसरे रूळ ढिले राहिले तर तळ हाताने फिरतो. फार आवळले तर आतल्या काठावर धार उठते आणि वॉर्निश सोलते. पहिल्या रुळाने कड नीट आत गेली नसेल, तर दुसरे कितीही आवळून उपयोग नाही, तरी कारागीर बहुधा तेच आवळत बसतात.

झाकण. सरकते, बिजागरीचे किंवा चमच्याने उचकटायचे. सरकते झाकण हवाबंद नसते, शोभेच्या डब्याच्या तळाच्या शिवणीतही बहुधा रबरी लेप नसतो. म्हणून चिवडा किंवा काजू आत वेगळ्या सीलबंद पिशवीत भरतात.