सेट कास्काद: मॉरिशसच्या कातळातल्या सात पायऱ्या

मॉरिशसला जाणारे बहुतेक जण शामारेलचा धबधबा बघून परततात. वाक्वा या शहराजवळच्या हेन्रिएटा गावामागे तामारें नदी सात टप्प्यांत दरी उतरते, त्या सेट कास्कादपर्यंत (फ्रेंचमध्ये ‘सात धबधबे’) फार थोडे जातात. एकूण उतार सुमारे २९३ मीटरचा.

सह्याद्रीत भटकलेल्यांना हा काळा कातळ ओळखीचा वाटेल, आणि तो नात्यातलाच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ज्या तप्तस्थळातून (पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येतो ती जागा, हॉटस्पॉट) ओतला गेला, त्याच तप्तस्थळाने भूपट्ट सरकत गेल्यावर मॉरिशस घडवलं. बेटाचं वय जेमतेम ८०-९० लाख वर्षं. आता ते तप्तस्थळ रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. १९व्या शतकात कोकणातून इथे आलेल्या मजुरांच्या पायाखालचा दगडही, एका अर्थी, गावाकडचाच होता.

पायऱ्या कशा पडतात ते धारेच्या कडेला उभं राहिलं की दिसतं. लाव्हाचे थर एकावर एक साचले. प्रत्येक थराचा गाभा घट्ट, माथा मात्र भोकांचा आणि भुसभुशीत. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टाही असतो. खाली कोसळणारं पाणी हा मऊ भाग आतून कोरतं. वरचा कठीण कातळ अधांतरी राहतो आणि लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या भेगांवर तुटून डोहात पडतो. धबधबा असा हळूहळू मागे सरकतो.

म्हणूनच धारेमागच्या कपारीत बसू नये. तिथलं छत सुटायच्या बेतात असू शकतं. डोहात वरून उडी तर मुळीच मारू नये. तुटलेले धोंडे तळाशीच पडलेले असतात आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत.

सर्वांत मोठा धोका मात्र अचानक येणाऱ्या लोंढ्याचा. आग्नेयेकडून येणारे वारे मधल्या पठारावर पाऊस पाडतात, पश्चिम उतारावर त्याच वेळी ऊन असू शकतं. शिवाय धबधब्यांच्या वरच्या अंगाला जलविद्युतसाठी बांधलेला तलाव आहे. पाणी गढूळलं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज जड झाला, तर सामान सोडून आधी बाजूच्या चढावर जावं. प्रवाह ओलांडायला जाऊ नये. गुडघाभर वेगवान पाणीही पाय उचलतं.

जानेवारी ते मार्च हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ, तेव्हा दरीत उतरणं टाळावं. जून ते सप्टेंबर बरा. धार बारीक असते, पण वाट कोरडी मिळते. वाक्वाहून हेन्रिएटाला बस आहे, पुढे उसाच्या शेतांतून चालत गेलं की वरचा टप्पा दिसतो. कुटुंबाबरोबर असाल तर तेवढंच पुरे. सगळे टप्पे उतरून परत वर यायला अर्धा दिवस लागतो. त्यासाठी स्थानिक वाटाड्या हवाच, कारण वाटा फुटतात आणि काही ठिकाणी दोर लागतो. रबरी तळाचे, खोल खाचांचे बूट घाला. हा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, झिजून झालेली लाल चिकणमाती त्या खाचांत भरली की बूटही घसरतो, म्हणून उतरताना अधूनमधून तळ दगडावर खरवडून घ्यावा. माणशी दोन लिटर पाणी लागतं. ओढ्याचं पिऊ नये आणि पायाला जखम असेल तर डोहात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, झाडीत त्याआधीच अंधारतं. दुपारी दोनला परतीचा चढ सुरू व्हायला हवा, मग शेवटचे टप्पे राहिले तरी चालतील.