'थंडरबॉल' आणि 'नेव्हर से नेव्हर अगेन': गोष्ट एकच, मग बॉन्डच्या सेटमध्ये एकच का?

बॉन्डला 50 वर्षं झाली म्हणून 2012 ला ब्ल्यू-रेचा जो मोठा सेट आला त्यात 'डॉ. नो'पासून 'क्वांटम ऑफ सोलेस'पर्यंत 22 पिक्चर होते आणि 'स्कायफॉल'साठी एक जागा मोकळी ठेवलेली. मी पुस्तकासारख्या त्या सेटचं एकेक पान उलटत 1983 पर्यंत आलो, 'ऑक्टोपसी' मिळाला, तोच उदयपूरवाला, कबीर बेदी असलेला, पण त्याच वर्षीचा शॉन कॉनरीचा 'नेव्हर से नेव्हर अगेन' कुठेच नाही. वाटलं डिस्क घालायची राहिली. पण तो पिक्चर त्या सिरीजचा नाहीच मुळात.

झालं असं की 'थंडरबॉल'ची गोष्ट आधी पिक्चरसाठी म्हणून बॉन्डचा लेखक इयन फ्लेमिंग, निर्माता केव्हिन मॅक्लोरी आणि पटकथाकार जॅक व्हिटिंगहॅम यांनी मिळून रचली होती, तो पिक्चर बनला नाही आणि फ्लेमिंगने त्याच मालमसाल्यावर 1961 ला कादंबरी काढली, मग मॅक्लोरी कोर्टात गेला आणि 1963 ला तडजोड होऊन पिक्चरचे हक्क त्याला मिळाले. 1965 चा 'थंडरबॉल' त्याने बॉन्डचे पिक्चर काढणाऱ्या नेहमीच्या इऑन कंपनीबरोबर केला आणि पुढची 10 वर्षं दुसरा काढणार नाही असं कबूल केलं. ती मुदत संपल्यावर त्याच हक्कांतून, इऑनला बाजूला ठेवून, 1983 चा पिक्चर उभा राहिला.

म्हणून पडद्यावर गोंधळ होतोच. दोन्हीकडे कॉनरी, दोन्हीकडे व्हिलन लार्गो आणि नायिका डोमिनो, दोन्हीकडे चोरलेले दोन अणुबॉम्ब. पहिल्यात लार्गोच्या बोटीचं नाव 'डिस्को व्होलांते', दुसऱ्यात 'फ्लाइंग सॉसर', म्हणजे त्याच इटालियन नावाचं सरळ इंग्रजी! फक्त कॉनरी 35 चा होता तो आता 53 चा झालाय, आणि ते वय त्याने लपवलेलं नाही हे मला फार आवडतं.

ओळखायचं कसं, तर डिस्क लावा आणि पहिलं अर्धं मिनिट बघा. 'थंडरबॉल'मध्ये बंदुकीच्या नळीतून दिसणारा तो पांढरा गोल येतो, बॉन्ड चालत येतो, वळतो, गोळी झाडतो. आधीच्या तीन पिक्चरमध्ये त्या गोलात स्टंटमन बॉब सिमन्स होता, 'थंडरबॉल' पहिल्यांदा पॅनाव्हिजन या रुंद पडद्याच्या पद्धतीत शूट झाला म्हणून तो शॉट नव्याने घेतला आणि तेव्हा कुठे खुद्द कॉनरी त्यात आला. 'नेव्हर'मध्ये तो गोलही नाही आणि ती ओळखीची धूनही नाही, पडदाभर 007 चे आकडे येतात आणि संगीत मिशेल लग्रांचं.

हाय डेफिनिशनचा खरा फायदा मात्र 'थंडरबॉल'ला झालाय असं माझं स्पष्ट मत आहे, बहामाच्या समुद्राखालची ती मोठी मारामारी डीव्हीडीवर आणि ब्ल्यू-रेवर लागोपाठ लावून बघा, कोण कोणाच्या बाजूचा ते सूटच्या रंगावरून लगेच कळतं.

घेताना एकच लक्षात ठेवा. 1997 ला एमजीएम या स्टुडिओने 'नेव्हर'चे हक्क विकत घेतले त्यामुळे त्याच्या डिस्कवर बाकीच्या बॉन्डसारखंच एमजीएमचं नाव असतं आणि दुकानदारही 'सेटमधलाच आहे' असं सांगून मोकळा होतो. सेटमध्ये तो नाही, नंतर 'स्पेक्टर'सकट 24 पिक्चरचा सेट आला त्यातही नव्हता. सुटाच घ्यावा लागतो, आणि कॉनरीचे सगळे बॉन्ड हवे असतील तर घ्याच.